जांभळ्या भातातली हिरवी रोपं

मार्च अर्धा सरला की जव्हारच्या हवेत दोन वास एकमेकांत मिसळतात. एक मोहाच्या फुलांचा, गोड आणि जरा आंबूस. दुसरा राबाचा. भाताचं रोप जिथं टाकायचं ती जागा आमच्याकडं आधी भाजून काढतात. शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या, वर मातीचा पातळ थर, आणि मग जाळ. तो धूर डोंगराच्या कडेकडेनं दिवसभर रेंगाळत राहतो. हे दोन वास आले की मागोमाग परीक्षा येते. शेजारच्या गच्चीवर एक मुलगी सकाळपासून फेऱ्या घालते आणि मोठ्यानं घोकते, "दुसऱ्या पिढीत तीनास एक. दुसऱ्या पिढीत तीनास एक." पुस्तकात वाटाण्याचं उदाहरण आहे. तिच्यापुढं वाटाण्याचा वेल नेऊन ठेवला तर ती तो मेथी म्हणून निवडायला घेईल. तिचा त्यात दोष नाही. मला ते आकडे सहन होत नाहीत, म्हणून मी खिडकी लावून घेतो.

त्या दोन आकड्यांवर मी साहेब झालो.

कॉलेज कुठलं ते सांगत नाही. शेतकीचं होतं आणि घाटावर होतं, एवढं पुरे. संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. जेनेटिक्स हा शब्द तेव्हा नवा होता आणि आमच्या प्राध्यापकांना तो उच्चारताना फार बरं वाटे. ते पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट घालत. दोन वर्षांत त्या बुटांना चिखल लागलेला मी पाहिला नाही. त्यांच्याकडं एक पिवळी पडलेली वही होती, कुठल्या तरी विलायती पुस्तकावरून उतरवलेली. तीतून ते वाचत आणि आम्ही लिहून घेत. मधेच थांबून, चष्मा वर करून ते म्हणत, "हे परीक्षेत येण्यासारखं आहे." की बावीस माना खाली जात. परीक्षेत न येण्यासारखं जगात काही असेल, अशी शंका कुणालाही आली नाही. मलाही नाही.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जेनेटिक्सशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना मी साहेब व्हायला हवा होतो. ते संस्थानात महसुलाचे कारकून. कारकूनच, पण दरबारचे. विलीनीकरणानंतर त्यांचं पागोटं गेलं नाही, ते तसंच राहिलं. त्याच्याकडं बघून वाकणारी माणसं तेवढी गेली. मामलेदार कचेरीत त्यांना कोपऱ्यातलं टेबल मिळालं. मामलेदार ठाण्याहून आलेला, अण्णांहून वीस वर्षांनी लहान. तो त्यांना "अहो क्लार्क" अशी हाक मारी. अण्णा घरी येऊन कोट खुंटीला लावत आणि म्हणत, "माधव शेतकी खात्यात ऑफिसर होऊ दे. मग बघू हा मला बसायला खुर्ची देतो की नाही." आमच्या घरातला सगळा स्वाभिमान त्या एका खुर्चीवर येऊन ठेपला होता. मी नापास झालो असतो तर अण्णांनी त्या कचेरीत दुसऱ्या दिवशी कसं पाऊल टाकलं असतं, मला माहीत नाही.

दरबारातून मोकळी झालेली आणखी चार-पाच मंडळी बाजारातल्या चहाच्या दुकानापुढं बाकावर बसत. सुट्टीत आलो की मला तिथं हजेरी द्यावी लागे. एकदा त्यांतल्या थोरल्या काकांनी विचारलं, "काय शिकतोस तिकडं?"

मी म्हटलं, "आईबापांचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात ते."

"त्याला कॉलेज कशाला लागतं? नाक बघून आम्ही घराणं सांगतो."

तेवढ्यात समोरून नवीन एसटीचा कंडक्टर गेला. काकांनी त्याचं नाक बघून तो नक्की दरबारी वळणाचा आहे असा निकाल दिला. तो साताऱ्याकडचा निघाला. काका जराही ओशाळले नाहीत. मी मनात त्यांना हसलो आणि स्वतःला मोठा शास्त्रज्ञ समजलो. आज वाटतं, काका निदान नाक बघत तरी होते.

शेवटच्या वर्षी आम्हा प्रत्येकाला बियाण्याची एक पुडी मिळाली. सरकारी संशोधन केंद्रातून आलेली. जांभळ्या पानाचं भात आणि हिरव्या पानाचं भात यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी रोपं जांभळी येतात. त्यांचं बी पुन्हा पेरलं की दुसऱ्या पिढीत काही जांभळी निघतात, काही हिरवी. दोन्ही मोजायची, आकडे वहीत लिहायचे आणि वही परीक्षेला दाखवायची. वही नसेल तर प्रॅक्टिकलला बसायचं नाही, आणि प्रॅक्टिकल नसेल तर पदवी नाही. उत्तर आम्हाला आधीच ठाऊक होतं. पिवळ्या वहीत ते लिहिलेलं होतं: तीन जांभळ्यांमागं एक हिरवं. कॉलेजच्या मळ्यात जागा अपुरी, म्हणून ज्यांच्या घरी भातशेती होती त्यांनी पुडी घरी न्यावी असं ठरलं.

आमची जमीन खोडाळ्याला. जूनच्या सुरुवातीला मी तिथं एक वेगळा राब घेतला, चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, बी टाकलं. आमच्या शेतावर बुधी काम करी. चाळिशीची, काटक, शेजारच्या पाड्यावरची. भात लावायची आवणी असो, तण काढायची बेणणी असो, तिच्यावाचून अण्णांचं पान हलत नसे. मी तिला सांगितलं, "रोप तयार झालं की उपटून त्या वरच्या खाचरात लाव. दुसऱ्या भातात मिसळू देऊ नको."

"बेस," ती म्हणाली.

का वेगळं लावायचं, त्यातून मला काय हवंय, हे मी तिला सांगितलं नाही. तिला सांगून काय कळणार होतं? मी गडबडीत निघालो, छत्री विसरलो, तीही तिनंच धावत आणून दिली.

दसऱ्याच्या सुट्टीत वही आणि पेन्सिल घेऊन मी खाचराच्या बांधावर उभा राहिलो. खाचर छान दाटलं होतं. एकूण एक रोप जांभळं होतं. हिरवं एकही नाही.

"बुधी, यातली हिरवी कुठं गेली?"

"काडून टाकली ना, भाऊ." ती हसत होती. "तुझे राबात देवभात लय आलता. मी एकटीनं आखा साफ केला. अण्णांकडं मजुरी पन नाय मागली."

देवभात म्हणजे रानभात. ते कुणी पेरत नाही, आपोआप उगवतं, भातासारखंच दिसतं आणि कापणीच्या आधी दाणे गाळून मोकळं होतं. आमच्या वरच्या खाचरांत ते माजलं होतं. म्हणून तीन वर्षं अण्णा तिथं जांभळ्या पानाचं भात लावून घेत. जांभळ्यात हिरवं दिसलं की ते देवभात, उपटायचं आणि फेकायचं. अण्णांनीच बुधीला हे तीन पावसाळे बजावून सांगितलं होतं. तिनं राबातलं रोप उपटताना जांभळं वेगळं केलं, हिरवं वेगळं केलं आणि जांभळं तेवढं लावलं. खोडाळ्यात दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं.

मी विचारलं, "किती होती हिरवी?"

"जांभळ्याच्या मुठी कोडीला दोन कमी झाल्या. हिरव्याच्या चौदा. त्या वढ्यात टाकल्या."

फेकायच्या रोपाच्याही तिनं मुठी बांधल्या होत्या. हाताला सवय, ओंजळभर रोप झालं की वेढा बसतोच. कोडी म्हणजे वीस. म्हणजे अठरा मुठी जांभळ्या, चौदा हिरव्या. मी बांधावरच भागाकार केला. अठराला सहा हव्यात.

"चौदा शक्यच नाही," मी म्हटलं. "सहा असतील."

"चौदा व्हत्या, भाऊ. माझे हातानं बांधल्या."

"तुला काय मोजता येतंय! तुझ्यामुळं माझं वर्ष बुडणार आहे, कळतंय का? अडाणी ती अडाणीच." मी आणखीही काही बोललो. ते लिहीत नाही. तिचं हसणं थांबलं. तिनं खाचराकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडं पाहिलं, आणि पदर खोचून खाली उतरली. दिवसभर तिनं मान वर केली नाही. पाड्यावर जाऊन तिनं सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशीपासून बाकीच्या बायाही माझ्याशी हळू आवाजात बोलू लागल्या.

मार्चमध्ये अभ्यासासाठी सुट्टी मिळाली, तेव्हा मी पुन्हा खोडाळ्याला गेलो. जव्हारात बाकावरच्या काकांचा ताप नको होता. शेतावर फणसाखाली खाट टाकून मी घोकंपट्टी करी. समोर राबाची कामं चालू होती. बाया फांद्यांचे भारे आणत, शेण पसरत. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की राब भाजणं ही मागासलेली पद्धत, जंगलाचा नाश, शेणाची नासाडी. अधूनमधून पुस्तकातून डोकं काढून मी बायांना हे ऐकवी. त्या ऐकून घेत आणि पुढचा भारा आणायला जात. राबाशिवाय त्या उतारावर रोप कसं वाढवायचं, हे मला कुणी विचारलं असतं तर मी पिवळी वही उघडली असती.

बुधी मात्र त्या दिवसांत माझ्याभोवती पायांचा आवाज न करता फिरे. कुणी मोठ्यानं हाक मारली की ती दटावी, "गप. भाऊ अभ्यास करतो." माझ्या खाटेच्या बाजूचा राब तिनं भाजलाच नाही, धूर माझ्या डोळ्यांत जाईल म्हणून. आजूबाजूचे सगळे राब काळे झाले, तो एक तसाच राहिला. दुपारी ती तांब्या आणून ठेवी आणि दूर उभी राहून विचारी, "वरीस वाचंल ना, भाऊ?" मी "बघू" म्हणे. म्हणजे वाचलं तर माझ्या हुशारीनं, बुडालं तर तिच्या हातानं, असा सगळा बंदोबस्त मी करून ठेवला होता.

त्याच खाटेवर बसून मी वही पुरी केली. तीनशे जांभळी आणि शंभर हिरवी लिहिली असती तर संशय आला असता, इतकी अक्कल मला होती. मी तीनशे एक आणि नव्याण्णव लिहिलं. वर तारखा घातल्या, पावसाची नोंद घातली, एका जागी पाण्याचा थेंब पाडून शाई जरा फिसकटवली, खाचराच्या बांधावर बसून लिहिल्यासारखी. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. बुधी पलीकडं शेण पसरत होती. माझी लेखणी भराभर चाललेली पाहून तिला बरं वाटलं असणार.

प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. बुटके, सावळे, धोतराचा सोगा कोटाच्या खिशात. त्यांच्या चपलांच्या शिवणीत वाळलेला चिखल होता. आमच्या प्राध्यापकांनी त्या चपलांकडं बघून नाक मुरडलं, ते मी पाहिलं. माझी पाळी आली तेव्हा प्राध्यापक चहाची व्यवस्था पाहायला बाहेर गेले होते. परीक्षकांनी वही उघडली, फिसकटलेल्या शाईवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही रोपं तुम्ही स्वतः मोजलीत?"

"हो सर."

"कुठं लावली होती?"

"खोडाळ्याला सर. मोखाडा भागात."

"चांगलं भात होतं तिकडं." त्यांनी वही मिटली. "हे बियाणं मी तयार केलंय. या संकरात पान जांभळं व्हायला दोन गुण एकत्र यावे लागतात. एक जरी चुकला तरी पान हिरवं. म्हणून यात तीनास एक येत नाही. सोळा रोपांत नऊ जांभळी आणि सात हिरवी येतात. नवास सात."

माझी नजर मिटलेल्या वहीवर गेली.

"तुमच्या प्राध्यापकांना ते ठाऊक नाही. त्यांनी तीनास एक सांगितलं, आणि वर्गातल्या बावीसही जणांच्या शेतात तीनासच एक उगवलं. कुणाकडं थोडं कमी, कुणाकडं थोडं जास्त." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "सगळ्यांना नापास करता येत नाही. तुमची वही सर्वांत सुबक आहे. खात्यात तुमचं बरं चालेल."

नवास सात. दुप्पट केलं की अठरास चौदा. कोडीला दोन कमी, आणि चौदा. बावीस जणांत, आमच्या प्राध्यापकांसकट सगळ्या कॉलेजात, ते उत्तर एकटीला बरोबर आलं होतं, आणि तिनं ते ओढ्यात टाकायच्या मुठी बांधता बांधता काढलं होतं. तोंड उघडून एवढं एक वाक्य मी त्या माणसाला सांगू शकलो असतो. त्यांना ते ऐकायला आवडलंही असतं. मी म्हणालो, "थँक यू, सर." आणि पुढच्या मुलाला आत पाठवलं.

पहिला वर्ग मिळाला. त्यांचं भाकीतही तंतोतंत उतरलं. पुढं नोकरीत मी तालुक्यांचे पीक-अहवाल टेबलावर बसून भरले, न पाहिलेल्या खाचरांचं उत्पन्न लिहिलं, आणि आकडे कधी गोल ठेवले नाहीत. वरिष्ठ माझ्या अहवालांची उदाहरणं देत. मला माणसांची चीड होती असं लोक म्हणतात. ते खरं नाही. मला एकाच माणसाची चीड होती, आणि तो रोज सकाळी माझ्याच आरशात दाढी करी.

निकालानंतर मे महिन्यात खोडाळ्याला गेलो तेव्हा बुधी वाटेवरच भेटली. डोक्यावर करवंदांची पाटी होती. ती खाली ठेवून तिनं विचारलं, "तुझा वरीस बुडला का, भाऊ?"

मी सांगू शकलो असतो. उन्हाची वेळ, वाटेवर दुसरं कुणी नाही, चार शब्दांचं काम. तू बरोबर मोजलं होतंस. एवढंच. पण मी आता पदवीधर होतो, आणि चौदा की सहा हा वाद मी हरलो हे एका अडाणी बाईपुढं कबूल करायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "वाचलो कसाबसा. सावरून घेतलं मी. पुढं असं करू नको."

तिनं दोन्ही हात जोडले. मग पाटीतली करवंदं पळसाच्या पानावर काढून मला दिली, निवडून, पिकलेली तेवढी. मी ती घेतली आणि घरापर्यंत खात गेलो.

त्या पावसाळ्यात मला नेमणूक मिळाली. मामलेदारानं अण्णांना खुर्ची दिली. अण्णा त्या खुर्चीवर अर्धा तास बसून आले आणि आठवडाभर तेच सांगत राहिले. ऑगस्टात मी दोन दिवसांच्या रजेवर शेतावर गेलो. अंगात नवा रेनकोट, डोक्यावर टोपी. माझ्याच सल्ल्यावरून अण्णांनी जांभळं भात बंद करून वरच्या खाचरांत खात्याचं सुधारित बियाणं लावलं होतं. ते हिरव्या पानाचं. बाकीच्या बाया खालच्या खाचरांची बेणणी करून बांधावर बसल्या होत्या. वरचं खाचर तसंच होतं. त्यात देवभात शिरलं असणार हे मलाही ठाऊक होतं, कुठलं ते मात्र दिसत नव्हतं.

"बुधीनं हात लावला नाय अजून," एक बाई मला म्हणाली. "आमाला पन लावू देत नाय. एरवी हिरव्यातला हिरवा ती आंधळ्यागत चाचपून काडायची. पानाचे बुडाशी बोट लावला का झाला. यंदा म्हनते, भाऊ येल, तो सांगंल."

बुधीनं मला पाहिलं आणि खाचरातून हाक मारली. मी पँट वर करून चिखलात उतरलो. अण्णा बांधावर छत्री धरून कौतुकानं पाहत होते. ती ओणवी झाली आणि दोन रोपं दोन हातांनी बाजूबाजूला धरून, न उपटता, तिनं मला दाखवली.

"यातली कोनती काडू, भाऊ?"

मी वाकून पाहिलं. दोन्ही हिरवी होती. उंचीला सारखी, रुंदीला सारखी. मी एकाच्या पानाला बोट लावलं, मग दुसऱ्याच्या. काहीच कळलं नाही.

"तुला कळतं की," मी हळूच म्हटलं.

"नाय, भाऊ. मी मागल्या साली चुकले ना. तू शिकलेला. तूच सांग."

बांधावरून अण्णा म्हणाले, "सांग की माधव, पावसात उभं केलंस तिला."

मी उजवीकडच्या रोपाकडं बोट दाखवलं, अंदाजानं. तिनं ते मुळासकट उपटलं, बांधावर फेकलं, एक पाऊल पुढं सरकली आणि पुढची दोन रोपं धरून माझ्याकडं पाहिलं.

"आनि ही?"